ओळखपत्र परत केलेला डिटेक्टिव्ह : निवृत्त रीबस पहिल्यांदाच वाचायला घेणाऱ्यांसाठी

माझे मामा पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर कितीतरी वर्षं फोनवर ओळख सांगताना ते नावापाठोपाठ बक्कल नंबर सांगायचे. एकदा गल्लीत घरफोडी झाली. मामा सवयीने पुढे झाले आणि वाकून कडीकोयंडा पाहू लागले. पंचनाम्याला आलेला तरुण शिपाई अगदी अदबीने म्हणाला, "काका, जरा बाजूला थांबता का?" मामा बाजूला झाले. घरी आल्यावर मात्र त्यांनी आजीला सांगितलं की कोयंडा बाहेरून नाही, आतून उचकटलाय. हे आता कुणाला सांगायचं, ते काही त्यांना कळत नव्हतं.

स्कॉटिश लेखक इयन रँकिन यांच्या कादंबऱ्यांतला एडिंबराचा निवृत्त डिटेक्टिव्ह जॉन रीबस वाचताना मला दर वेळी तो दरवाजा आणि बाजूला झालेले मामा आठवतात. निवृत्त डिटेक्टिव्ह जुनी केस पुन्हा उकरतो, या प्रकारच्या ब्रिटिश कादंबऱ्या भरपूर आहेत. पण ओळखपत्र परत केल्यावर माणसाकडे नेमकं काय उरतं, हे रँकिनइतक्या जवळून दाखवणारं दुसरं कुणी माझ्या वाचनात नाही. ज्यांनी रीबस कधीच वाचलेला नाही आणि इंग्रजीतून वाचायची तयारी आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुस्तकांच्या शेवटाबद्दल यात एक शब्दही नाही.

पहिली पायरी : कोणतं पुस्तक हातात घ्यायचं

रीबसची पहिली कादंबरी १९८७ साली आली आणि २०२४ पर्यंत एकूण पंचवीस झाल्या. हा आकडा ऐकूनच बरेच जण मागे फिरतात. पहिल्यापासून क्रमाने वाचायला हवं असंही सांगितलं जातं. माझं मत वेगळं आहे. तुम्हाला निवृत्त रीबसमध्ये रस असेल तर थेट 'रादर बी द डेव्हिल' घ्या. मालिकेतली ही एकविसावी कादंबरी २०१६ ची आहे. रीबस तोवर पूर्ण निवृत्त झालेला आहे, जुनी केस अगदी पहिल्या पानावर समोर येते, आणि आधीची वीस पुस्तकं वाचलेली नसली तरी काही अडत नाही.

एवढा पूर्वेतिहास माहीत असला की पुरे. रीबस काळाबरोबर म्हातारा होत जातो. बाबुराव अर्णाळकरांचा झुंजार किंवा सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आपल्या आठवणीत कायम त्याच वयाचे राहिले. रीबसचं तसं नाही. पहिल्या पुस्तकात तो चाळिशीत आहे, त्यामुळे पुढे साठी येणं अटळ होतं. २००७ च्या 'एक्झिट म्युझिक'मध्ये त्याच्या नोकरीचे शेवटचे दिवस आहेत. मग पाच वर्षं त्याचं पुस्तक नाही. २०१२ मध्ये तो परततो, तेव्हा जुन्या न सुटलेल्या केसेस तपासणाऱ्या विभागात साधा नागरी कर्मचारी असतो. २०१३ च्या पुस्तकात तो पुन्हा पोलीस होतो, पण हुद्दा एक पायरी खालचा, इन्स्पेक्टरऐवजी सार्जंट. नंतर पुन्हा निवृत्ती. म्हणजे 'रादर बी द डेव्हिल'मधला रीबस हा दोनदा निवृत्त झालेला माणूस आहे. सिगारेट सुटली आहे, फुप्फुसांच्या जुनाट आजाराने जिना चढताना दम लागतो, घरात ब्रिलो नावाचं कुत्रं आहे.

एक सावधगिरी. मालिकेतल्या शेवटच्या दोन पुस्तकांचं मलपृष्ठ सध्या वाचू नका. रीबसचं पुढे काय होतं हे त्यावर उघड छापलेलं आहे.

दुसरी पायरी : नावं तोंडात बसवा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण न केल्यास पुस्तकभर अडखळायला होतं. रीबसची जुनी सहकारी सिबॅन नाही, शिवॉन. शिवॉन क्लार्क. स्पेलिंग पाहून हा उच्चार कुणालाही सुचणार नाही, कारण नाव गेलिक आहे. एडिंबरातला बडा गुंड 'बिग जेर' कॅफर्टी. जेर हे जेराल्डचं लघुरूप, म्हणून त्याला 'गेर' म्हणू नका. शहर एडिंबर्ग नाही, एडिंबरा. कॉकबर्न स्ट्रीट असं लिहिलेलं दिसलं तर कोबर्न म्हणा.

आणखी एक नाव लक्षात ठेवा, माल्कम फॉक्स. पोलिसांचीच चौकशी करणाऱ्या विभागात हा पूर्वी होता, त्यामुळे खात्यात त्याच्याविषयी अढी आहे. तुमच्या पुस्तकात तो ग्लासगोजवळच्या गार्टकॉश इथल्या मोठ्या मुख्यालयात गेलेला असतो आणि शिवॉन एडिंबरातच गेफील्ड स्क्वेअरच्या ठाण्यात राहिलेली असते. दोघांमधला ताण समजायला एक पार्श्वभूमी हवी. १ एप्रिल २०१३ रोजी स्कॉटलंडमधली आठ वेगवेगळी पोलीस दलं मिळून एकच पोलीस स्कॉटलंड झालं. निर्णय शहराबाहेर गेले, आपापल्या शहराची नस ओळखणारी माणसं ठाण्यातच राहिली. जिल्ह्याच्या ठाण्यातला तपास वरच्या शाखेकडे गेला की आपल्याकडेही काय वातावरण होतं, ते कोणत्याही पोलीस कुटुंबाला विचारा.

हुद्दे सोपे आहेत. डीसी म्हणजे डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल, मग डीएस सार्जंट, डीआय इन्स्पेक्टर, डीसीआय चीफ इन्स्पेक्टर, त्यावर सुपरिंटेंडेंट. आपल्याकडच्या हुद्द्यांशी ताडून पाहायच्या फंदात पडू नका. कोण कुणाच्या हाताखाली एवढं कळलं तरी भागतं.

तिसरी पायरी : पहिला प्रसंग दोनदा वाचा

कादंबरी उघडते ती कॅलेडोनियन हॉटेलात. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला लाल वालुकाश्माची ही भव्य इमारत उभी आहे. एका रेल्वे कंपनीने आपल्या स्टेशनाला लागून १९०३ साली ती उघडली. स्टेशन १९६५ मध्ये बंद पडलं, हॉटेल राहिलं. गावकरी त्याला 'द कॅली' म्हणतात. तिथे रीबस डेबोरा क्वांटबरोबर जेवायला आलाय. ती शवविच्छेदन करणारी डॉक्टर आहे आणि आता त्याची मैत्रीणही. जेवण संपतं, सुरी-काटा रिकाम्या ताटलीत ठेवला जातो, रीबस मागे रेलून आजूबाजूच्या टेबलांकडे पाहतो आणि सहज बोलावं तसं सांगतो की या हॉटेलात एकदा खून झाला होता.

१९७८ मध्ये मारिया टर्कवांड नावाच्या स्त्रीचा तिथल्याच एका खोलीत गळा आवळला गेला. ती श्रीमंत घरातली, विवाहित आणि कुणाच्या तरी प्रेमात होती. त्याच दिवशी एक प्रसिद्ध रॉक गायक आपल्या गोतावळ्यासह हॉटेलात उतरला होता. केस कधीच सुटली नाही.

आता हाच प्रसंग पुन्हा वाचा आणि या खेपेला फक्त एवढंच पाहा की रीबसला ही केस आत्ता कशामुळे आठवते. त्याला कुणी काम दिलेलं नाही. कुणी नातेवाईक रडत दारात आलेला नाही. समोर आवडती स्त्री आहे, जेवण चांगलं झालंय, सिगारेट मात्र ओढता येत नाही. हात रिकामे आहेत म्हणून जुनी केस वर आली. निवृत्त माणसाचं हे रिकामपण रँकिन एका शब्दानेही स्पष्ट करून सांगत नाहीत. या कादंबरीची किल्ली मला तरी इथे सापडली.

चौथी पायरी : दोन काळ वेगळे ठेवा

एक साधी वही घ्या. पान उभं दुभागा. डावीकडे १९७८, उजवीकडे आज. जुन्या केसमधलं प्रत्येक नाव डावीकडे लिहायचं आणि पुढे तेव्हाचं वय. मग त्यात अडतीस मिळवायचे. तेव्हाचा पंचविशीतला उमदा तरुण आज त्रेसष्टचा आहे, तेव्हाचा पन्नाशीतला साहेब बहुधा हयात नाही. हा हिशोब मनात ठेवला नाही की वाचक सगळ्या संशयितांना नकळत एकाच वयाचं धरतो आणि मग त्यांच्या बोलण्यातली भीती, थकवा, कधी बेपर्वाई कशामुळे आहे ते लक्षात येत नाही. साक्षीदाराने चाळीस वर्षांत तीच हकिगत इतक्यांदा सांगितलेली असते की आता तोही घटना आठवत नसतो, त्याला आठवत असते ती हकिगत. रीबसला हे पक्कं ठाऊक आहे. त्याचे प्रश्न कसे येतात बघा. घटनेला तो थेट हात घालत नाही, त्या दिवशीच्या हवेबद्दल, कपड्यांबद्दल, कोण कुणाशी बोलत होतं याबद्दल विचारतो.

डाव्या रकान्याच्या डोक्यावर त्या काळात काय नव्हतं तेही लिहून ठेवा. डीएनएचा ठसा ओळखायची पद्धत लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये सापडली. म्हणजे १९७८ मध्ये खोलीतल्या ग्लासवरून बोटांचे ठसे मिळाले तर मिळाले. मोबाइल नाही, कॉरिडॉरमध्ये कॅमेरा नाही. तपासाची सगळी माहिती कार्डांवर आणि ती कार्डं खोक्यांत. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये पीटर सटक्लिफ या मारेकऱ्याची पोलिसांनी अनेकदा चौकशी करून त्याला सोडून दिलं होतं, कारण एका कार्डावरची माहिती दुसऱ्या कार्डापर्यंत पोचतच नव्हती. १९८१ मध्ये तो पकडला गेला. त्यानंतर मोठ्या तपासांसाठी ब्रिटनभर संगणक यंत्रणा आली आणि तिच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून मुद्दाम 'होम्स' हा शब्द साधला गेला. शेरलॉकचे जनक कॉनन डॉइल १८५९ साली एडिंबरातच पिकार्डी प्लेसला जन्मले. भालबा केळकरांच्या मराठी अनुवादातून ज्यांना होम्स भेटला, त्यांना हे कळून बरं वाटेल की शिवॉन क्लार्कचं गेफील्ड स्क्वेअर तिथून चालत पाच मिनिटांवर आहे.

पाचवी पायरी : स्कॉटिश कायद्याच्या चार गोष्टी

ब्रिटिश कादंबरी म्हणजे लंडनचा कायदा, असं धरून वाचायला बसू नका. स्कॉटलंडची न्यायव्यवस्था वेगळी आहे आणि कथानकाला त्याचा वारंवार आधार असतो.

पहिली गोष्ट, तिथे इंग्लंडसारखा कॉरोनर नसतो. संशयास्पद मृत्यूचा तपास प्रोक्युरेटर फिस्कल नावाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होतो. पुस्तकात सगळे त्याला नुसतं 'फिस्कल' म्हणतात. खटला उभा राहणार की नाही हे पोलीस ठरवत नाहीत, फिस्कल ठरवतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गुन्ह्याच्या मुख्य बाबींना एकच पुरावा पुरत नाही, दोन स्वतंत्र आधार लागतात. आरोपीने नुसती कबुली दिली तरी भागत नाही. याच नियमामुळे संशयास्पद मृत्यूच्या शवविच्छेदनाला दोन डॉक्टर उभे असतात, एकाच्या निष्कर्षाला दुसऱ्याची पुष्टी. जुन्या केसमध्ये हा नियम किती जाचक होतो बघा. चाळीस वर्षांनी एक साक्षीदार जिवंत सापडणंच कठीण, इथे दोन बाजूंनी आधार हवा. रीबसला गुन्हेगार कोण हे उमजलं तरी हात चोळत बसावं लागतं ते बऱ्याचदा यामुळे.

तिसरी, पंधरा जणांची ज्युरी आणि निकालाचे तीन पर्याय : दोषी, निर्दोष आणि 'सिद्ध झालं नाही'. तिसऱ्या निकालानेही आरोपी सुटायचा, पण शंका त्याच्या अंगाला चिकटून राहायची. २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने हा तिसरा निकाल रद्द करण्याचा कायदा केला. रीबसच्या कादंबऱ्या मात्र त्या आधीच्या काळातल्या आहेत.

चौथी, एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नसे. २०११ च्या कायद्याने ठोस नवा पुरावा असल्यास ते शक्य झालं. २०१३ चं 'सेंट्स ऑफ द शॅडो बायबल' याच बदलावर उभं आहे : ऐंशीच्या दशकातली केस पुन्हा उघडते आणि तेव्हा त्या ठाण्यात उमेदवारी करणारा रीबस स्वतःच्या जुन्या साहेबांसमोर उभा राहतो. हे नुसतं लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. ऑक्टोबर १९७७ मध्ये एडिंबराच्या हाय स्ट्रीटवरच्या 'वर्ल्ड्स एंड' नावाच्या पबमधून सतरा वर्षांच्या दोन मुली बाहेर पडल्या आणि दुसऱ्या दिवशी शहराबाहेर त्यांचे मृतदेह सापडले. तीस वर्षांनी, २००७ मध्ये अँगस सिंक्लेअरवर खटला उभा राहिला, तो न्यायाधीशांनी मध्येच थांबवला आणि आरोपी सुटला. नव्या कायद्यामुळे त्याच्यावर पुन्हा खटला झाला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तो दोषी ठरला. किमान सदतीस वर्षं तुरुंगात काढायची शिक्षा झाली. एडिंबरातल्या वाचकाला जुनी केस म्हटलं की हे आठवतं. त्या शहरात सदतीस वर्षं दोन कुटुंबं वाट पाहत होती. मारिया टर्कवांड काल्पनिक आहे, पण तिचं पान उलटताना ही वाट पाहणारी माणसं मनात असावीत, असं मला कळकळीने वाटतं.

सहावी पायरी : तिसरा रकाना

आता वहीच्या उजव्या कडेला एक अरुंद रकाना आखा. ही पायरी माझी स्वतःची आहे आणि बाकी सगळ्या सोडल्या तरी ही सोडू नका.

नोकरीवर असताना रीबस खिशातून वॉरंट कार्ड काढायचा आणि दार उघडायचं. आता कार्ड नाही. कायद्याने त्याला उत्तर द्यायला कुणीही बांधील नाही. तरी लोक त्याच्याशी बोलतात. तर रीबस कुणालाही भेटला की तिसऱ्या रकान्यात एकच गोष्ट लिहायची : हा माणूस याला उत्तर का देतोय?

माझ्या वहीतल्या नोंदी अशा आहेत. डेबोरा क्वांट : प्रेम, आणि थोडं कुतूहल. शिवॉन : जुनं ऋण, तिला घडवलं त्याने, पण त्याच्यामुळे अडचणीतही तीच येते. फॉक्स : एके काळी याच्याच मागावर होता, आता याची मान्यता हवी आहे. कॅफर्टी : एवढी वर्षं समोरासमोर काढली, आता दोघांनाही दुसरं कुणी समजून घेणारं नाही. ही नोंद लिहून मी बराच वेळ थांबले होते. कॅफर्टीही एका अर्थाने निवृत्तच आहे. शहराचा धंदा डॅरिल ख्रिस्टी नावाच्या तरुण गुंडाने बळकावलाय आणि म्हातारा बाजूला बसून पाहतोय. रीबस आणि कॅफर्टी एकत्र बसतात ती पानं घाईने उलटू नका. गुन्ह्याचा माग या पानांतून फारसा पुढे जात नाही, पण कादंबरीचं सगळं वजन तिथे आहे.

काही नोंदींपुढे 'भीती' येईल, काहींपुढे 'एकटेपणा'. म्हातारे साक्षीदार पुष्कळदा केवळ यासाठी बोलतात की बऱ्याच वर्षांत त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं. आणि ज्या ओळीपुढे तुम्हाला कारण सापडणार नाही, तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. कार्ड नसलेल्या माणसाला विनाकारण उत्तर देणारा बहुधा स्वतःच काहीतरी जाणून घ्यायला पाहत असतो. मला या खुणांनी दोनदा योग्य माणसापर्यंत नेलं.

किंमतही याच रकान्यात दिसते. मध्यंतरी मारियाची फाइल पुन्हा तपासणारा एक निवृत्त अधिकारी आहे. रीबस त्याला जाऊन भेटतो आणि थोड्याच काळात त्या माणसाचा मृतदेह पाण्यात सापडतो. रीबसने सहज म्हणून विचारलेल्या प्रश्नांचा याच्याशी संबंध आहे का? नोकरीवर असता तर ही जबाबदारी खात्याची होती. आता ती त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आहे.

सातवी पायरी : नकाशा उघडा ठेवा

फोनवर एडिंबराचा नकाशा उघडा आणि तीनच खुणा करा. पहिली कॅलेडोनियन हॉटेल. दुसरी यंग स्ट्रीटवरचा ऑक्सफर्ड बार, रीबसचा अड्डा. हा खरा पब आहे, अगदी लहान, आणि रँकिन स्वतः तिथे जात आले आहेत. कॅलीवरून निघून शार्लट स्क्वेअर ओलांडला की दहा मिनिटांत पोचता येतं. तिसरी खूण दक्षिणेला, मेडोज नावाच्या मोकळ्या मैदानापलीकडे मार्चमाँटमधली आर्डेन स्ट्रीट. रीबसचं घर इथे. विद्यार्थिदशेत रँकिन याच रस्त्यावर राहत होते.

आर्डेन स्ट्रीटवरच्या घरांना टेनेमेंट म्हणतात. हा शब्द वाचून चाळ डोळ्यासमोर आणू नका. दगडी, चार मजली इमारत, रस्त्यावर एकच जड दरवाजा, आत गोल वळत जाणारा सामाईक दगडी जिना आणि प्रत्येक मजल्यावर दोन-तीन दारं. गॅलरी नाही, त्यामुळे शेजारी कोण आलं-गेलं हे दिसत नाही, फक्त जिन्यावरची पावलं ऐकू येतात. रीबस दोन मजले चढून जातो. दम लागणाऱ्या माणसाला ते दोन मजले किती पडतात, हे लेखक विसरत नाही, तुम्हीही विसरू नका.

लीथ हे बंदर उत्तरेला, आणि खाडीपलीकडे फाइफ, जिथे १९६० साली रँकिन जन्मले आणि रीबसचंही बालपण गेलं. बाकीचा नकाशा वाचता वाचता आपोआप भरत जातो.

आठवी पायरी : भाषा

रँकिन यांचं इंग्रजी सोपं आहे, वाक्यं आखूड आहेत. अडतं ते संवादातल्या स्कॉट्स शब्दांपाशी, आणि तेही थोडेच आहेत. 'आय' म्हणजे हो. 'वी' म्हणजे लहान. 'केन' म्हणजे ठाऊक असणं. 'ड्रीख' म्हणजे दिवसभर रिपरिप आणि अंधारून आलेली हवा, आपल्या कोकणात आषाढात असते तशी, फक्त थंडगार. 'हार' म्हणजे समुद्रावरून शहरात शिरणारं धुकं. आणि एक शब्द वाचून मला घरचं कुणी भेटल्यासारखं झालं : तिकडची साधी माणसं पोलिसांना पोलिसच म्हणतात, पहिल्या अक्षरावर जोर देऊन. याहून अवघड शब्द आला तर स्कॉट्स भाषेचा मोठा कोश इंटरनेटवर मोफत आहे, पण दर शब्दाला थांबू नका. प्रसंग कळत असेल तर पुढे चला.

एकदा संपूर्ण प्रकरण मोठ्याने वाचून पाहा. किंवा ऑडिओबुक ऐका, कारण या संवादांतली लय कानालाच लवकर सापडते. संगीताचे उल्लेख भरपूर येतील. पुस्तकाचं नावच जॉन मार्टिन यांच्या एका गाण्यावरून आहे आणि ते गाणं मुळात स्किप जेम्स या ब्लूज गायकाचं, १९३१ सालचं. दोन्ही रूपं ऐका. एका जुन्या गोष्टीचं नव्या गळ्यात काय होतं ते ऐकू येईल.

टीव्ही मालिका नंतर पाहा. जॉन हॅना आणि केन स्टॉट यांनी रीबस साकारला आहे, २०२४ च्या मालिकेत रिचर्ड रँकिन यांनी तरुण रीबस केला. पण आधी एखादा चेहरा पाहिला की पुस्तकातल्या रीबसला तोच चिकटतो.

त्यानंतर काय

'रादर बी द डेव्हिल' आवडलं तर पुढे सरकण्याआधी मागे जा. 'एक्झिट म्युझिक' वाचा, म्हणजे कार्ड परत करायचे ते दिवस प्रत्यक्ष दिसतील. मग २०१२ चं 'स्टँडिंग इन अनदर मॅन्स ग्रेव्ह'. यात एक आई आहे. १९९९ च्या शेवटच्या रात्री तिची मुलगी नाहीशी झाली आणि ए-नाइन महामार्गालगत नंतरही मुली हरवत गेल्या, हे ती पोलिसांना पटवून देत फिरते आहे. तिचं म्हणणं ऐकून घेणारा एकटा रीबस. तपास म्हणून मला हे पुस्तक थोडं सैल वाटलं, शेवटाकडे जरा जास्तच लांब गाड्या हाकल्या आहेत, पण त्या आईसाठी ते वाचलंच पाहिजे. त्यानंतर 'सेंट्स', आणि मग २०१८ चं 'इन अ हाउस ऑफ लाइज', ज्यात २००६ पासून बेपत्ता असलेला एक खासगी गुप्तहेर जंगलात एका मोटारीत मृतावस्थेत सापडतो आणि तेव्हाचा फसलेला तपास कुणी फसवला याची चौकशी सुरू होते. त्या तपासात रीबस स्वतः होता. तिसरा रकाना इथे उलटा भरायचा : आता प्रश्न त्याला विचारले जाताहेत, तो का उत्तर देतोय, आणि कुठे देत नाही.

या क्रमाने आलात की २०२० चं 'अ साँग फॉर द डार्क टाइम्स' उघडा. रीबसला आता जिना चढवत नाही. आर्डेन स्ट्रीटच्या त्याच इमारतीत तो दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर राहायला आलाय, आणि वरच्या रिकाम्या झालेल्या खोलीत शिवॉन एकटीच फिरते आहे. आधीची पुस्तकं वाचून आलेल्याला ती खोली रिकामी दिसत नाही. पहिली दोन पानं सावकाश वाचा.